फुलाचं नाव, मालवाहूचा वेष आणि गोंदियाची वाट

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात मुंबईच्या नौदल गोदीत 'कॉर्नवॉलिस' नावाचं एक जहाज असे. 1,290 टनांचं, एकाच पंख्यावर चालणारं. शेजारी एखादी क्रूझर येऊन उभी राहिली, तर याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. पण याच जहाजानं भूमध्य समुद्रात एका नामांकित जर्मन पाणबुडीला तळ दाखवला होता. तेव्हा त्याचं नाव होतं 'लिक्निस', एका फुलाचं!

ब्रिटिश आरमारात 'स्लूप' म्हणजे पडेल ते काम करणारं जहाज. विनाशिकेपेक्षा हळू, पण स्वस्त आणि झटपट बांधून होणारं. सुरुंग काढा, ताफ्याला सोबत करा, बुडणाऱ्यांना उचला. पहिल्या महायुद्धात फुलांच्या नावांची अशी शंभराहून अधिक स्लूप बांधली गेली. खलाशी चेष्टेनं त्यांना 'कोबी' म्हणत. 'लिक्निस' ऑगस्ट 1917 मध्ये स्कॉटलंडमधल्या क्लाइड नदीकाठच्या कारखान्यातून पाण्यात उतरलं. त्याची गंमत अशी की ते युद्धनौकेसारखं दिसूच नये, अशीच त्याची रचना होती. पाणबुडीत टॉर्पेडो मोजकेच असत. लहानसं मालवाहू जहाज दिसलं की कप्तान टॉर्पेडो वाचवायचा, पाणबुडी वर आणायचा आणि तोफेनं काम उरकायचा. ती पुरेशी जवळ आली की 'मालवाहू' जहाजानं आडोसे पाडून आपल्या तोफा उघड्या करायच्या, असा हा बेत. बहुरूप्याचाच खेळ! पण 'लिक्निस' तयार होईतो जर्मन सावध झाले होते. ते पाण्याखालूनच टॉर्पेडो सोडू लागले आणि या बहुरूप्यांच्या वाट्याला ताफ्यांची राखण आली.

त्या राखणीतच 17 जून 1918 हा दिवस उजाडला. सार्डिनिया आणि सिसिलीच्या मधल्या समुद्रात 'यू-64' ही पाणबुडी ताफ्यावर चालून आली. हिची ख्याती मोठी: मार्च 1917 मध्ये हिनंच 'दाँतों' ही फ्रेंच युद्धनौका बुडवली होती आणि त्यात 296 जण गेले होते. 'लिक्निस'नं पाण्याखाली फुटणारे बॉम्ब टाकले, पाणबुडीला वर यावं लागलं आणि 'लिक्निस' व 'पार्ट्रिज' हे सशस्त्र ट्रॉलर यांनी मिळून तिला संपवलं. तिच्यावरचे 38 जण मेले, पाच वाचले. त्या पाचांत कप्तान मोराट होता. खुद्द 'दाँतों' एकविसाव्या शतकात वायुवाहिनीसाठी समुद्रतळ तपासताना सापडली, हजार मीटरहून खोल आणि बरीचशी शाबूत.

आता जरा समुद्र सोडून या जहाजाच्या पत्र्याकडे, म्हणजे पोलादाकडे येऊ. लोखंडात गंधक थोडं का होईना, राहतंच. त्याचं लोहसल्फाइड लोखंडाच्या मानानं फार लवकर वितळतं आणि कणाकणांच्या मध्ये पातळ पापुद्र्यासारखं पसरतं. असा तापलेला गोळा रोलरांखाली दाबायला घेतला की पत्रा न होता तो तडकतो. मँगनीज घातलं की ते गंधकाला स्वतःकडे ओढून घेतं आणि पोलाद मुकाट लाटलं जातं. 1856 मध्ये ब्रिटिश धातुतज्ज्ञ रॉबर्ट मशेटनं हा उपाय दाखवला. टनामागे साधारण 6-7 किलो मँगनीज पुरतं. तेवढंही नसेल, तर जहाजाचा पत्राच नाही.

युद्धापूर्वी मँगनीजचा मोठा पुरवठा रशियातून, काळ्या समुद्रावरून होई. 1914 मध्ये तुर्कस्ताननं दार्दानेल्सची सामुद्रधुनी बंद केली आणि ब्रिटनच्या भट्ट्यांना भारताकडे वळावं लागलं. भारतात मँगनीज कुठं? मुख्यतः मध्य प्रांतात: बालाघाट, भंडारा, नागपूर. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडाऱ्यातच होता. तो वेगळा झाला 1 मे 1999 रोजी. या पट्ट्यातल्या मँगनीजयुक्त खडकाला भूशास्त्रज्ञ फर्मोर यांनी गोंड लोकांवरून 'गोंडाइट' हे नाव दिलं आणि जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत ते आजही आहे. बालाघाटकडून येणारी छोटी लाइन गोंदियाला बंगाल-नागपूर रेल्वेच्या मोठ्या लाइनला मिळे. रुळांची रुंदी बदलली की माल एका वाघिणीतून उतरवून दुसऱ्या वाघिणीत भरणं आलंच. तिथून पुढं मुंबई नाहीतर कलकत्ता, मग बोट, मग ब्रिटन. 1917 साली क्लाइडवर ठोकल्या जाणाऱ्या पत्र्यांमागं ही एवढी लांबची वाट होती. मला तर पाणबुडीच्या लढाईपेक्षा हीच गोष्ट जास्त थरारक वाटते.

युद्ध संपलं आणि 1921 मध्ये 'लिक्निस' रॉयल इंडियन मरीन या भारतातल्या ब्रिटिश सागरी दलाकडे आलं. फुलाचं नाव पुसून गव्हर्नर जनरलचं नाव लावलं गेलं (मला जुनंच आवडतं). या दलाच्या जहाजांवरच्या खलाशांत रत्नागिरी जिल्ह्यातल्या दर्यावर्दी घरांतली माणसं पिढ्यान् पिढ्या असत, कोकणी मुसलमान तर विशेषच. नोव्हेंबर 1928 मध्ये या दलाला आरमाराचा पांढरा ध्वज मिळाला आणि 2 ऑक्टोबर 1934 रोजी मुंबईत त्याचं रॉयल इंडियन नेव्ही झालं. 1939 मध्ये पुन्हा युद्ध पेटलं, तेव्हा या नौदलाकडं स्लूप होती पाच: 'हिंदुस्तान', 'इंडस', 'क्लाइव्ह', 'लॉरेन्स' आणि हे 'कॉर्नवॉलिस'. एवढ्या मोठ्या किनाऱ्याला पाच! एप्रिल 1942 मध्ये ब्रह्मदेशातल्या अक्याबला जपानी विमानांनी 'इंडस' बुडवलं. 'कॉर्नवॉलिस' मात्र तरुणपणीचंच राखणदारीचं काम करत टिकलं आणि 1946 मध्ये मोडीत निघालं.

त्याच वर्गातलं 'सॅक्सिफ्रेज' पुढं 'प्रेसिडेंट' या नावानं लंडनला थेम्सवर वर्षानुवर्षं उभं होतं. 2016 मध्ये त्याला चॅटमला हलवलं. 'कॉर्नवॉलिस'चं तसं काही झालं नाही. मोडीतलं पोलाद भट्टीत पुन्हा वितळवलं की त्यातलं बरंचसं मँगनीज जळून मळीत जातं आणि नव्या पत्र्यासाठी ते खाणीतून नव्यानं आणावं लागतं.