रंगीत धुराची नळकांडी: वात, तार की रिंग?

आजचा भाग फोटोग्राफी करणाऱ्यांसाठी आहे, आणि त्याहून जास्त फोटो काढून घेणाऱ्यांसाठी. लग्न ठरले की हल्ली प्री-वेडिंग शूट आलेच. आमच्या रायपुरात त्यासाठी जोडपी नवा रायपूरच्या रुंद, मोकळ्या रस्त्यांवर जातात, कोणी खारुन नदीच्या काठावर, तर कोणी शहराबाहेरच्या शेतांत. पुण्या-नागपुरातल्या जोडप्यांप्रमाणे त्यांनाही एक फोटो हवाच असतो: दोघे चालत येत आहेत आणि मागे गुलाबी किंवा निळ्या धुराचा लोट आहे.

हा धूर ज्या नळकांड्यातून येतो त्याला कोणी स्मोक बॉम्ब म्हणते, कोणी स्मोक ग्रेनेड. विकत घेताना सगळे विचारतात, रंग कोणता घ्यायचा? पहिला प्रश्न वेगळा असायला हवा: हे पेटवायचे कसे? पेटवण्याच्या पद्धतीवरून तीन गोष्टी ठरतात. पहिल्या काही सेकंदांत हात कुठे असेल, ठिणगी कुठे पडेल आणि धूर कधी सुरू होईल. फोटोही त्यावर अवलंबून आहे आणि बोटेही.

आत नेमके काय होते?

आधी एक गैरसमज दूर करू. रंगीत धूर म्हणजे रंगीत ज्वाळा नव्हे. आकाशातल्या आतषबाजीत हिरवा रंग बेरियमच्या क्षारांमुळे येतो आणि लाल स्ट्रॉन्शियममुळे. ते धातू तापून प्रकाश देतात. धुराच्या नळकांड्यात असते ती सेंद्रिय रंगाची पूड. तिच्यासोबत साखरेसारखे एखादे इंधन आणि त्याला ऑक्सिजन पुरवणारा क्षार असतो. हे मिश्रण ज्योत न उठता धुमसत जळते. त्या उष्णतेने रंगाची वाफ होते, ती बाहेरच्या गार हवेत येते आणि तिचे बारीक कण तयार होतात. हे कण म्हणजेच आपल्याला दिसणारा धूर.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, उष्णता प्रमाणाबाहेर गेली आणि तोंडाशी ज्योत आली, तर रंगच जळून जातो आणि गुलाबीऐवजी काळपट धूर येतो. दोन, ऑक्सिजन आतच असल्यामुळे नळकांड्यावर माती टाकली किंवा पाय दिला तरी ते विझत नाही. पेटले की संपेपर्यंत चालणार. म्हणून पेटवण्याचा क्षण इतका महत्त्वाचा.

पहिली पद्धत: वात

ही आपल्या ओळखीची. भुईनळ्यासारखी वात बाहेर आलेली असते, तिला अगरबत्ती किंवा लांब फुलबाजी लावायची. आपल्याकडे दिवाळीत शिवकाशीहून येणारी रंगीत धुराची नळकांडी बहुतेक याच प्रकारची असतात.

हिचा फायदा म्हणजे मधला वेळ. वात जळत आत जाईपर्यंत काही सेकंद मिळतात आणि पेटवणारा मागे सरकू शकतो. तोटाही तोच. फोटोग्राफर “रेडी” म्हणतो त्या क्षणी धूर येईलच असे नाही. वारा असेल तर वात पेटत नाही, दमट असेल तर मध्येच विझते. पेटवायला दोन हात लागतात आणि उघडी ज्योतही लागते. म्हणजे हे काम फोटोतल्या माणसाने करायचे नाही. नेटचा लेहेंगा किंवा जॉर्जेटची ओढणी घालून कोणी वाकून वात पेटवत असेल तर त्याला तिथेच थांबवा. असले कापड ठिणगीने पेटते, वितळते आणि अंगाला चिकटते.

दुसरी पद्धत: तार किंवा रिंग ओढणे

परदेशी व्हिडिओंत जे दिसते ते बहुधा हे. एनोला गे ही ब्रिटिश कंपनी अशा नळकांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. वर एक तार असते, काहींना तारेच्या टोकाला रिंग असते. ती झटक्याने ओढली की आतल्या मसाल्यावर घर्षण होते, अगदी काडेपेटीवर काडी घासावी तसे, आणि मिश्रण पेटते. लायटर लागत नाही, वाऱ्याची अडचण नाही आणि धूर जवळजवळ लगेच येतो.

म्हणून फोटोग्राफरला ही पद्धत आवडते. एक, दोन, तीन म्हणायचे, ओढायचे आणि चालायला लागायचे. पण इथे मधला वेळ जवळजवळ नाही, आणि पेटते त्या क्षणी नळकांडे हातात असते. तोंडातून सुरुवातीला ठिणग्या उडू शकतात. म्हणून हात पूर्ण लांब, तोंड चेहऱ्यापासून आणि दुसऱ्या माणसापासून दूर, आणि पकड खालच्या टोकाला. तार स्वतःच्या दिशेने कधीच ओढायची नाही, बाजूला ओढायची. युरोपात अशी नळकांडी ज्या गटात मोडतात त्यातल्या वस्तू 18 वर्षांखालील व्यक्तीला विकताच येत नाहीत. “यात ज्योत नाही, मग लहान मुलाच्या हातात देऊ” असा विचार कोणी करत असेल, तर त्याचे उत्तर यातच आले.

तिसरी पद्धत: पिन आणि खटका

सिनेमात सैनिक पिन काढून फेकतो, ते हे. अमेरिकी सैन्याचे एम-18 हे त्याचे ओळखीचे उदाहरण. पिन काढली, खटका सुटला की दीड-दोन सेकंदांत आतला मसाला पेटतो आणि पत्र्याच्या डब्यातून पाऊण ते दीड मिनिट धूर येतो. डबा इतका तापतो की वाळलेले गवत पेटू शकते. हे हातात धरायचे साधनच नव्हे, फेकायचे आहे. फोटोसाठी ते विसरून जा. “मिलिटरी टाइप” असे सांगून कोणी विकत असेल तर त्याच्यापासून दूर राहिलेले बरे.

चौथीही एक पद्धत आहे, दुरून विजेने पेटवण्याची. चित्रपटांच्या सेटवर ती वापरतात, पण तिथे प्रशिक्षित आणि परवानाधारक माणसे असतात. ती घरी जुळवायची गोष्ट नव्हे.

मग निवड कशी करायची?

स्वतःला दोन प्रश्न विचारा. धूर हातात हवा की जमिनीवर? आणि पेटवायला वेगळा माणूस आहे का?

धूर पार्श्वभूमीला हवा असेल तर वात उत्तम. नळकांडे जमिनीत रोवा किंवा विटांमध्ये उभे करा, जोडप्याला दोन-तीन मीटर पुढे ठेवा, आणि साध्या सुती कपड्यातल्या मदतनिसाने ते पेटवून बाजूला व्हावे. वाऱ्याची दिशा चेहऱ्यांपासून दूर हवी.

हातातच हवा असेल तर तारेची पद्धत वातीपेक्षा बरी, कारण दुसऱ्या हातात ज्योत नसते. पण धरणारा प्रौढ हवा, सरावलेला हवा आणि त्याच्या हातात चामड्याचा मोजा हवा. वातीचे नळकांडे हातात धरून फोटो काढू नका. आणि फोटोग्राफर एकटाच असेल, मदतनीस नसेल, तर त्या दिवशी धूर नको. एका डोळ्याने कॅमेरा आणि दुसऱ्याने आग सांभाळता येत नाही.

आपल्याकडे काय मिळते आणि काय चालते?

इथे गाडी अडते. भारतात हे सारे स्फोटकांच्या कायद्याखाली येते. त्याची देखरेख करणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. परदेशी फटाके परवान्याशिवाय आयात करता येत नाहीत, आणि असा परवाना कोणालाच दिलेला नाही असे सरकारने दिवाळीच्या तोंडावर पत्रके काढून सांगितलेले आहे. म्हणजे “इम्पोर्टेड रिंगवाला” म्हणून जे गुपचूप मिळते, ते बहुधा बेकायदाच.

सर्वोच्च न्यायालयाने 23 ऑक्टोबर 2018 रोजी दिलेल्या आदेशाने ई-कॉमर्स कंपन्यांना फटाक्यांच्या ऑर्डर घेण्यास मनाई केली, फटाक्यांतले बेरियमचे क्षार बंद केले आणि फटाके उडवण्याच्या वेळाही ठरवून दिल्या. म्हणून मोबाइलवर मागवू नका. परवाना असलेल्या दुकानातून, भारतीय उत्पादकाचे नाव-पत्ता छापलेला डबा घ्या.

रायपूरकरांसाठी आणखी एक गोष्ट. हिवाळ्यातल्या प्रदूषणामुळे छत्तीसगड शासनाने 2017 मध्ये रायपूर, बिलासपूर, भिलाई, दुर्ग, कोरबा आणि रायगढ (कोकणातले रायगड नव्हे) या शहरांत 1 डिसेंबर ते 31 जानेवारी फटाक्यांवर बंदी घातली. नेमका हाच काळ लग्नांचा आणि शूटचा. तारीख ठरवण्याआधी चालू आदेश जिल्हा प्रशासनाकडे विचारून घ्या.

नागपूर-गोंदियाहून शूटसाठी रेल्वेने येणाऱ्यांनी बॅगेत नळकांडी आणू नयेत. रेल्वे कायद्याच्या कलम 164 नुसार धोकादायक माल नेल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. विमानात तर हातातल्या बॅगेतही नाही आणि सामानातही नाही.

आणि परवानगी घ्याच. 13 डिसेंबर 2023 रोजी लोकसभेत दोघांनी प्रेक्षक कक्षातून उडी मारून पिवळा धूर सोडला. तो प्रसंग साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिला. त्यानंतर सार्वजनिक जागी अचानक रंगीत धूर दिसला की लोक घाबरतात आणि पोलिसांना फोन करतात. जागेच्या मालकाला आणि पोलीस ठाण्याला आधी कळवले तर हा त्रास वाचतो.

जागा बघा, गवत बघा

5 सप्टेंबर 2020. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात युकायपा इथल्या एका उद्यानात एक कुटुंब होणाऱ्या बाळाबद्दलचा व्हिडिओ करत होते. त्यांनी धूर सोडणारे साधन पेटवले आणि वाळलेल्या गवताने पेट घेतला. ती आग 22 हजार एकरांहून अधिक पसरली आणि ती विझवताना अग्निशमन दलाचा एक माणूस गेला. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. गवत कोरडे होते, एवढेच.

आता आपल्याकडचे चित्र बघा. धानाची कापणी झाली की शेतात पैरा पडलेला असतो, म्हणजे भाताचा पेंढा. फेब्रुवारीपासून साल आणि मोहाच्या जंगलात वाळलेल्या पानांचा थर साचतो आणि वणव्यांचा मोसम सुरू होतो. राखीव जंगलात आग लावणे हा 1927 च्या वन कायद्याने गुन्हा आहे. म्हणून शेतात नाही, जंगलात नाही. सिमेंटचा रस्ता, दगडी घाट किंवा ओली वाळू निवडा. शेजारी पाण्याची बादली ठेवा आणि जळून संपलेले नळकांडे तिच्यात बुडवा. पेटलेच नाही तर पुन्हा पेटवायचा प्रयत्न करू नका. त्यात डोकावूही नका. अर्धा तास थांबा, मग पाण्यात टाका.

कॅमेऱ्याचे थोडके

धूर सुरुवातीला विरळ येतो, मग भरतो आणि शेवटी पुन्हा विरळ होतो. चांगले फोटो मधल्या काळात मिळतात. वातीचे नळकांडे असेल तर आधी एक पेटवून, धूर यायला किती सेकंद लागतात ते मोजून घ्या. तारेचे असेल तर पोझ आणि फोकस आधीच पक्का करा. शटर 1/500 च्या आसपास ठेवले तर धुराच्या वळ्या स्पष्ट येतात, 1/125 ला त्या मऊ दिसतात. ऊन धुराच्या मागून येऊ द्या, रंग उजळतो. पार्श्वभूमी गडद असली तर आणखी छान. सकाळी लवकर वारा कमी असतो, तीच वेळ चांगली.

हा रंग कपड्याला बसतो, विशेषतः ओल्या कपड्याला, आणि सहज जात नाही. आजीच्या पैठणीवर हा प्रयोग नको. धूर श्वासातही घेऊ नका. बंद खोलीत, हॉलमध्ये किंवा दम्याचा त्रास असलेल्यांजवळ तो वापरायचाच नाही.

आणि आग नकोच असेल तर?

पाणी आणि ग्लायकॉलवर चालणारे फॉग मशीन आणा आणि मागून रंगीत दिवा लावा. हॉलमध्येही चालते, फक्त हवा खेळती ठेवा. हवेच्या दाबाने गुलाल उडवणारे सिलिंडरही मिळतात, पण त्यांच्याजवळ दिवा, सिगारेट, फुलबाजी काहीही नको. तैवानमध्ये 27 जून 2015 रोजी एका कार्यक्रमात हवेत उडवलेल्या रंगीत पिठाने पेट घेतला आणि 15 माणसे गेली. बारीक पूड हवेत पसरली की तीही जळते. सर्वांत निर्धास्त मार्ग म्हणजे साधा फोटो काढून धूर नंतर संगणकावर घालणे. चांगला कलाकार असेल तर पाहुण्यांना फरक कळत नाही.

थोडक्यात सांगतो. मागचा धूर हवा असेल तर जमिनीवरची वात आणि वेगळा मदतनीस. हातातला हवा असेल तर कायदेशीर, भारतीय, तारेचे नळकांडे आणि सरावलेला प्रौढ. यातले एकही जमत नसेल तर फॉग मशीन. आणि दुकानात गेलात की रंगाच्या आधी विचारा, “दादा, हे पेटवायचे कसे?” त्याला नीट सांगता आले नाही, तर घेऊ नका.

हा भाग लग्न ठरलेल्या एखाद्या जोडप्याला जरूर पाठवा.