इलेक्ट्रिक गिटारचा सूर नेमका कुठे असतो?

जून २०१९ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात ‘पिंक फ्लॉइड’च्या डेव्हिड गिल्मोर यांची काळी स्ट्रॅटोकॅस्टर ३९ लाख ७५ हजार डॉलरना विकली गेली. लिलावात गिटारला मिळालेली तोवरची ती सर्वांत मोठी किंमत होती. १९६९ सालच्या या गिटारचा नेक अनेकदा बदलला गेला होता, पिकअप बदलले होते, एक जादा स्विच बसवला होता आणि मधल्या काळात तिचा ब्रिजही बदलून पुन्हा पूर्ववत केला होता. जुन्या गिटार जमवणाऱ्यांच्या जगात मात्र एरवी उलटा नियम चालतो. एक स्क्रू बदलला, एक सोल्डर पुन्हा लावला, तरी किंमत उतरते. कारखान्यातून निघालेली गिटार परिपूर्ण असते आणि तिचा सूर तिच्या जुन्या, मुरलेल्या लाकडात असतो, हा समज या नियमामागे आहे. भौतिकशास्त्राचा पुरावा या समजाच्या बाजूने नाही. इलेक्ट्रिक गिटारचा सूर मुख्यतः तार, पिकअप आणि विद्युतमंडल या तिघांत घडतो. म्हणून गिटार उघडून तिच्यात बदल करणारा हौशी माणूस तिची नासधूस करत नसतो, तो तिचं विज्ञान समजून घेत असतो, असं माझं ठाम मत आहे.

साध्या गिटारमध्ये तारेचं कंपन ब्रिजमधून वरच्या पातळ फळीत उतरतं, फळी हवा हलवते आणि ती हवा आपण ऐकतो. तिथे लाकूड हाच आवाजाचा स्रोत असतो. इलेक्ट्रिक गिटारमध्ये ही साखळी तुटते. पोलादी तारेखालचा चुंबक तारेलाही चुंबकत्व देतो. तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि चुंबकाभोवतीच्या वेटोळ्यात विद्युतप्रवाह निर्माण होतो. हा चुंबक आणि वेटोळं म्हणजेच पिकअप. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. अॅम्प्लिफायरकडे जातो तो हा प्रवाह. लाकडाचा आवाज तिथवर थेट पोचतच नाही. या वाद्याचा इतिहासही तेच सांगतो. जॉर्ज बोशॅम्प यांनी विकसित केलेली आणि १९३०च्या दशकात रिकनबॅकरने बाजारात आणलेली ‘फ्राइंग पॅन’ ही पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटार ओतीव अॅल्युमिनियमची होती. १९४०च्या सुमारास लेस पॉल यांनी पाइनच्या चौकोनी ठोकळ्यावर तारा आणि पिकअप बसवले आणि दिसायला गिटारसारखी दिसावी म्हणून दोन्ही बाजूंना दुसऱ्या गिटारचे अर्धे भाग जोडले. ते भाग काढले तरी वाद्य वाजतच होतं.

मग दोन गिटारींचा आवाज इतका वेगळा का लागतो? याचं उत्तर पिकअपपासून सुरू होतं. स्ट्रॅटोकॅस्टरच्या पिकअपमध्ये केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे साडेसात-आठ हजार वेढे असतात. अशा वेटोळ्याला मोठा इंडक्टन्स असतो, तर अॅम्प्लिफायरपर्यंत जाणाऱ्या केबलला स्वतःची धारकता असते. दोन्ही मिळून एका ठराविक वारंवारतेला अनुनाद होतो आणि तिथले स्वर उठून येतात. इंडक्टन्स २.५ हेन्री आणि केबलची धारकता ५०० पिकोफॅरड धरली, तर हा अनुनाद साधारण ४५०० हर्ट्झला येतो. तीच केबल दुप्पट लांब घेतली की तो ३२०० हर्ट्झच्या आसपास उतरतो. माणसाचा कान नेमका याच टापूत सर्वांत तीक्ष्ण असतो, म्हणून फरक लगेच कळतो. २५० किलोओहमच्या व्हॉल्यूम पॉटऐवजी ५०० किलोओहमचा लावला की हे शिखर उंचावतं आणि आवाज अधिक धारदार होतो. पिकअपची जागाही तितकीच महत्त्वाची आहे. मोकळ्या तारेवर ब्रिजपासून एक चतुर्थांश अंतरावर चौथ्या संनादीचा (हार्मोनिकचा) निस्पंद बिंदू असतो, म्हणजे त्या संनादीपुरती तार तिथे हलत नाही. तिथल्या पिकअपला ती संनादी जवळपास मिळतच नाही. नेकजवळचा पिकअप गोल आणि ब्रिजजवळचा कडक वाजतो, त्यामागे हीच भूमिती आहे. हे सगळं मोजता येतं, आणि थोड्या पैशांत, एका संध्याकाळी बदलताही येतं.

या वाद्याची प्रगतीही अशाच बदलांतून झाली आहे. स्ट्रॅटोकॅस्टर बनवणारे लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारे होते. त्यांनी नेक स्क्रूने बसवला, त्यामुळे खराब नेक काढून दुसरा लावणं सोपं झालं. वीजपुरवठ्याची गुणगुण वेटोळ्यात शिरते म्हणून गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी दोन वेटोळी उलट जोडली आणि त्यांचे चुंबकही उलट ठेवले. दोन्ही वेटोळ्यांतली गुणगुण एकमेकींना खोडते, तारेचा संकेत मात्र जुळून वाढतो. तो हंबकर १९५७ पासून गिटारींवर दिसू लागला. स्ट्रॅटोकॅस्टरचा स्विच मुळात तीन जागांचा होता. वादक तो दोन जागांच्या मध्ये अडकवून वेगळा आवाज काढू लागले, तेव्हा १९७७ मध्ये कंपनीने पाच जागांचा स्विच दिला. गिटारवादक एडी व्हॅन हेलन यांनी स्ट्रॅटच्या आकाराच्या बॉडीत गिब्सनचा हंबकर बसवला आणि १९७८च्या पहिल्याच अल्बमने गिटारनिर्मितीची दिशा बदलली. गिटारवादक ब्रायन मे यांनी १९६३ पासून वडिलांबरोबर घरीच गिटार घडवली. नेकसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचं महोगनी वापरलं आणि प्रत्येक पिकअपला चालू-बंद आणि फेज उलटवण्याचे स्वतंत्र स्विच दिले. त्याच ब्रायन मे यांनी पुढे २००७ मध्ये खगोलभौतिकीत डॉक्टरेट मिळवली.

इथे अनुभवी वादकांचा आक्षेप येतो: लाकडाचा फरक आम्हाला ऐकू येतो, तो काय भ्रम आहे? हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा, कारण त्यात सत्याचा अंश आहे. जर्मनीत हेल्मुट फ्लायशर आणि टिलमान झ्विकर यांनी १९९०च्या दशकात इलेक्ट्रिक गिटारचं कंपन मोजलं. काही फ्रेटवर स्वर लवकर विझतो, याचं कारण त्यांना मुख्यतः नेकच्या कंपनात सापडलं. त्या वारंवारतेला नेक तारेची ऊर्जा शोषून घेतो. म्हणजे लाकडाची भूमिका आहे, पण ती प्रामुख्याने ऊर्जा काढून घेण्याची आहे आणि तिचा संबंध लाकडाच्या जातीपेक्षा नेकच्या ताठरपणाशी आणि वजनाशी अधिक आहे. जातीचं म्हणाल, तर लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग बोलका आहे. मागच्या आणि बाजूच्या लाकडाखेरीज सारख्याच असलेल्या सहा साध्या गिटार त्यांनी ५२ वादकांना मंद उजेडात, वेल्डिंगचे गॉगल घालून वाजवायला दिल्या. महाग ब्राझिलियन रोझवुड आणि स्वस्त लाकूड यांच्या गुणांत लक्षणीय फरक पडला नाही. जिथे लाकूड प्रत्यक्ष गुंजतं तिथे ही स्थिती, तर जिथे चुंबक ऐकतो तिथे लाकडाच्या नावावर किती भार टाकायचा?

दुसरा आक्षेप संग्राहकांचा आहे: मग गिब्सनच्या १९५९च्या ‘लेस पॉल’ गिटारची लाखो डॉलरची किंमत निरर्थक ठरते का? अजिबात नाही. ती किंमत इतिहासाची, कारागिरीची आणि दुर्मिळतेची आहे, आणि तशी गिटार जशीच्या तशी जपणं हे आवश्यक काम आहे. मूळ वस्तू उरली नाही तर पुढच्या पिढ्या मोजणार काय? त्या काळच्या हंबकरमध्ये वेढ्यांची संख्या आणि चुंबकांचा प्रकार एकसारखा नसे, हे मूळ पिकअप शाबूत राहिल्यामुळेच कळलं. एकाच वर्षीच्या दोन लेस पॉल वेगळ्या का वाजतात, याचं एक मोठं कारणही त्यातूनच मिळालं. दुर्मिळ नमुना जपावा. कारखान्यातून दर महिन्याला शेकड्यांनी निघणाऱ्या गिटारला मात्र तोच नियम लावणं म्हणजे शिकण्याची संधी घालवणं आहे.

लाकडाबद्दलच्या भक्तीची किंमत जंगलही मोजतं. फिंगरबोर्डसाठी जगभर वापरलं जाणारं भारतीय रोझवुड म्हणजे आपल्या सह्याद्रीत वाढणारा शिसव. हळू वाढणारं हे झाड आज धोक्यात आलेल्या प्रजातींत मोजलं जातं. २०१७ मध्ये शिसवाच्या संपूर्ण वंशावर साइटिस करारानुसार व्यापाराचे निर्बंध आले. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली, तरी कच्च्या लाकडावरचं नियंत्रण कायम आहे. फिंगरबोर्डचा बोटांना जाणवणारा गुळगुळीतपणा खरा आहे, पण त्यासाठी जंगली शिसवच हवा असं काही नाही. मेपल चालतं, लागवडीचं लाकूड चालतं, कृत्रिम पदार्थही चालतात.

म्हणून हा छंद धरणाऱ्या तरुणांनी खर्चाचा क्रम उलटा करावा. आधी नव्या तारा, तारांची उंची आणि ब्रिजवरची लांबी जुळवून घ्यावी. मग पॉट आणि कपॅसिटर, त्यानंतर पिकअप, आणि लाकडाचा विचार सर्वांत शेवटी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आधीचं आणि नंतरचं ध्वनिमुद्रण सारख्याच पातळीला आणावं आणि कोणतं कुठलं हे न सांगता मित्राला ऐकवावं. फरक त्याच्या कानाला कळला तर तो खरा. हजार रुपयांचा कपॅसिटर आणि वीस रुपयांचा कपॅसिटर समान मूल्याचे असतील तर कोण जिंकतं, हे जाहिरातीपेक्षा या चाचणीवरून ठरवावं. सोल्डरिंग आयर्न हातात धरून असा निवाडा करायला शिकलेला माणूस पुढे औषधाची, यंत्राची किंवा बातमीची पारखही याच शिस्तीने करू शकतो, आणि माझ्या मते या छंदाची सर्वांत मोठी कमाई तीच आहे.