बिनतारी जाळ्यातील वाहिन्यांची वाटणी



जुन्या बडोद्याचा नकाशा आपणां सर्वांस परिचित आहे. मध्यभागी मांडवी, पूर्वेस पाणीदरवाजा, पश्चिमेस लहरीपुरा, उत्तरेस चांपानेर आणि दक्षिणेस गेंडी दरवाजा. या पाचही ठिकाणी एकेक बिनतारी यंत्र बसविले असून इंटरनेटची तार केवळ मांडवीपर्यंतच आली आहे, अशी कल्पना करू. प्रत्येक यंत्र आपला संदेश पाठवील आणि दुसऱ्याचाही पुढे पोहोचवील. अशा रचनेस मेश नेटवर्क म्हणतात.

२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्या देशात २००५ पासून परवान्याविना वापरता येतो. त्यात १३ वाहिन्या आहेत. परंतु लगतच्या वाहिन्यांच्या मध्यांत अंतर अवघे ५ मेगाहर्ट्झ, तर प्रत्येकीस जागा लागते सुमारे २० मेगाहर्ट्झ. म्हणून परस्परांस बाधा न आणणाऱ्या वाहिन्या तीनच उरतात : १, ६ आणि ११.

प्रथमदर्शनी कोडे सोपे वाटते. मांडवीस १, पाणीदरवाजा व लहरीपुऱ्यास ६, चांपानेर व गेंडीस ११ दिली की शेजारी कोणीही सारखे राहत नाहीत. नकाशा रंगविण्याचाच हा प्रश्न. कोणत्याही सपाट नकाशास चार रंग पुरतात काय, असे फ्रान्सिस गथ्री याने १८५२ मध्ये विचारले. ॲपेल आणि हाकेन यांनी १९७६ मध्ये संगणकाच्या साहाय्याने होकारार्थी सिद्धता दिली.

परंतु येथेच गफलत होते. भिन्न वाहिन्यांवरील यंत्रांस एकमेकांचे बोलणे ऐकूच येत नाही! नभोवाणी केंद्रांनी परस्परांपासून दूर राहावे हे योग्य. जाळ्यातील यंत्रांना मात्र संवाद साधावयाचा असतो. सर्वांस एकच वाहिनी द्यावी, तर एक बोलत असता इतरांस मौन पाळावे लागते. मग पाणीदरवाजापलीकडील शाळेस दुसऱ्या टप्प्यावर वेग सुमारे निम्मा मिळतो, तिसऱ्यावर तिसरा हिस्सा.

यावर उपाय असा, की वाहिनी स्थळास न देता दोन स्थळांमधील दुव्यास द्यावी आणि यंत्रात एकाहून अधिक रेडिओ बसवावेत. तथापि मांडवीहून निघणारे चार दुवे एकाच वेळी चालवावयाचे, तर चार वाहिन्या हव्यात, आहेत तीन. तेव्हा दोन दुव्यांनी पाळी वाटून घ्यावी, अथवा ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याकडे वळावे. तेथे २०१८ मध्ये ६०५ मेगाहर्ट्झ जागा परवानामुक्त झाली. मात्र त्या लहरींना भिंतींचा अडथळा अधिक होतो.

दुवे २० आणि वाहिन्या ३ असल्या, तरी वाटणीचे संभाव्य प्रकार ३४८ कोटींहून अधिक होतात. म्हणून व्यवहारात मूळ तारेजवळच्या, सर्वाधिक भार वाहणाऱ्या दुव्यांस आधी स्वच्छ वाहिनी देतात. तो दुवा अडखळला, की त्यामागील प्रत्येक वस्ती अडखळते.

पालघर जिल्ह्यातील गावांसाठी मुंबईच्या आय.आय.टी.ने 'ग्राममार्ग' प्रकल्पात दूरचित्रवाणीच्या पट्ट्यातील रिकाम्या वाहिन्यांचा उपयोग करून पाहिला. दूरवर पोहोचणाऱ्या त्या लहरी झाडाझुडपांतूनही वाट काढतात.

सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचे मोफत शिक्षण लागू केले. पुढे फिरत्या ग्रंथालयांच्या पेट्या खेड्यांत जाऊ लागल्या. पेट्या मोजक्या होत्या, म्हणून त्यांची पाळी ठरवावी लागे. आकाशातील वाहिन्याही मोजक्याच आहेत. जवळच्यास भरपूर आणि टोकाच्यास उरलेसुरले, अशी वाटणी गणिताने चालेल. शाळेच्या दृष्टीने ती चालणार नाही. शेवटच्या बाकावरील विद्यार्थ्यास धडा ऐकू आला की नाही, हे पाहणाऱ्या शिक्षकांच्या स्मृतीस हेच विवेचन आदरपूर्वक अर्पण करतो.