पातळ टीव्ही आणि हरवलेले संवाद

रात्रीची जेवणं आटोपून घरातली मंडळी सिनेमा बघायला बसतात. पडद्यावर कुणी हळू बोललं की आजी विचारते, ‘‘काय म्हणाला रे तो?’’ नातू आवाज वाढवतो. पुढच्याच प्रसंगात मारामारी सुरू होते आणि पाळण्यातलं बाळ दचकून उठतं. आजीला कमी ऐकू येतं असं म्हणून विषय संपवू नका. बऱ्याचदा दोष टीव्हीच्या स्पीकरचा असतो.

तबल्याची जोडी आठवा. टणत्कार देणाऱ्या तबल्याचं तोंड लहान आणि घुमणाऱ्या डग्ग्याचं मोठं. खर्जाच्या आवाजासाठी भरपूर हवा हलवावी लागते, त्याला मोठा पडदा लागतो. स्पीकरचंही तसंच आहे. जुन्या खोकेवजा टीव्हीत स्पीकरला ऐसपैस जागा होती. आजच्या पातळ टीव्हीत चिमुकले स्पीकर बसवावे लागतात आणि त्यांची तोंडंही बहुधा खाली किंवा मागे असतात. ‘स’, ‘श’, ‘च’, ‘ट’ या व्यंजनांतला उंच पट्टीचा आवाज सरळ रेषेत जाणारा असतो. तो भिंतीवर आपटून फिरून आला की शब्द पुसट होतात.

होम थिएटर हा यावरचा पूर्ण उपाय. ‘५.१’ म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर. पण त्यासाठी अँप्लिफायर, खोलीभर वायरी आणि बराच पैसा लागतो. साउंडबार हा त्यातला मधला मार्ग. टीव्हीखाली ठेवायच्या या आडव्या पट्टीत स्पीकर थेट आपल्याकडे तोंड करून बसवलेले असतात.

साउंडबार घेताना खोक्यावरचे आकडे नीट वाचा. ‘२.१’मध्ये डावा, उजवा आणि सबवूफर असतो. ‘३.१’मध्ये मधल्या स्पीकरची भर पडते. सिनेमातले बहुतेक संवाद याच मधल्या वाहिनीत असतात, म्हणून ज्या घरात शब्द कळत नाहीत तिथे ‘३.१’ जास्त उपयोगी.

सबवूफर एकच का पुरतो? डावीकडून आलेला आवाज उजव्या कानाला जेमतेम ०.७ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो आणि एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ओळखतो. पण ५० हर्ट्झच्या खर्जाची एक लहर जवळपास सात मीटर लांब, म्हणजे हॉलपेक्षाही मोठी. तिची दिशा कानाला नीट कळत नाही. त्यामुळे सबवूफर टीव्हीजवळ सोयीच्या जागी ठेवता येतो. अगदी कोपऱ्यात मात्र नको, तिथे खर्ज नको इतका घुमतो.

काही साउंडबार बाजूच्या भिंतींवर आवाज आपटवून तो मागून आल्याचा भास निर्माण करतात. हॉलच्या एका बाजूला उघडी बाल्कनी किंवा जाड पडदे असतील तर हा भास फसतो. तिथे त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

वॉटच्या आकड्यालाही भुलू नका. वॉट दुप्पट झाले तरी आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट शक्ती लागते.

जोडणी शक्यतो ‘एचडीएमआय एआरसी’ने करा. टीव्हीच्या मागे ‘एआरसी’ लिहिलेलं सॉकेट आहे का, ते आधी बघा. एका केबलने काम होतं आणि टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमीजास्त करता येतो. ब्लूटूथवर आवाज किंचित मागे पडून ओठ आणि शब्द जुळेनासे होऊ शकतात.

दुकानदार स्फोटाचा प्रसंग लावून दाखवेल. तुम्ही बातम्या लावायला सांगा, मग पार्श्वसंगीत असलेला एखादा संवाद. चारी बाजूंनी घुमणारा थिएटरचा अनुभव हवा असेल तर वेगवेगळ्या स्पीकरना पर्याय नाही. पण लहान हॉलमध्ये, बेताच्या खर्चात, प्रत्येक शब्द स्पष्ट ऐकू यायला चांगला साउंडबार पुरतो. खरेदीला जाताना आजीला सोबत न्या आणि तिला जो स्पष्ट ऐकू येईल तोच घ्या.