अ‍ॅडिसनचा आजार : नव्या औषधाची आशा आणि रोजची गोळी

चेहरा, तळहाताच्या रेषा, हिरड्या काळवंडतात. वजन घटते, उठताना चक्कर येते, सारखे खारट खावेसे वाटते. वस्तीत कोणी म्हणते उन्हाने झाले, कोणी म्हणते बाहेरची बाधा. आम्ही वाचकांना सांगतो, ही बाधा नव्हे. हा अ‍ॅडिसनचा आजार असू शकतो.

दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी असतात. त्या जीवनावश्यक कॉर्टिसॉल तयार करतात. ते फार कमी पडले की रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. लंडनच्या डॉ. थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ साली या आजाराचे वर्णन केले. काही रुग्णांत शरीराची संरक्षक यंत्रणाच या ग्रंथींवर हल्ला करते. आपल्या देशात क्षयरोग हेही मोठे कारण आहे.

अशा हल्ल्याच्या आजारांत कोलिनेस्टरेज रोखणारी औषधे उपयोगी पडतील का, यावर संशोधन चालू आहे. पायरिडोस्टिग्मिन हे त्यातले जुने औषध. स्नायू थकवणाऱ्या मायस्थेनियात ते अनेक दशके देतात. मज्जातंतूंचा निरोप नेणारे अ‍ॅसिटिलकोलिन कोलिनेस्टरेज मोडते. औषध ते मोडू देत नाही. २००० साली अमेरिकेतील केविन ट्रेसी यांच्या गटाने प्राण्यांवर दाखवले, की मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूतून शरीरातील दाह आवरता येतो. आशा तिथून आली.

पण हल्ला थांबला तरी नष्ट झालेली ग्रंथी आपोआप कॉर्टिसॉल देणार नाही. अ‍ॅडिसनवर हे मान्य उपचार नाहीत. शेतात फवारायची काही विषारी कीटकनाशकेही हेच कोलिनेस्टरेज रोखतात, म्हणून ही गोळी मनाने घेऊ नये.

आजचा आधार हायड्रोकॉर्टिसोन हाच आहे. 'स्टेरॉइड वाईट' असे ऐकून ती गोळी बंद करू नका. ताप आला तर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे डोस वाढवा. उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल, तर थेट रुग्णालय गाठा, इंजेक्शन लागते. क्षयाच्या रिफाम्पिसिनमुळे स्टेरॉइड शरीरात लवकर संपते, तेव्हा दोन्ही औषधे चालू असल्याचे डॉक्टरांना सांगा.

लक्षणे दिसली तर अंबरनाथचे छाया रुग्णालय किंवा उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय येथे दाखवा. परळच्या केईएममध्ये ग्रंथीविकारांचा स्वतंत्र विभाग आहे. आजाराचे नाव आणि डोस लिहिलेली चिठ्ठी रुग्णाच्या खिशात ठेवा. बेशुद्ध माणसाच्या वतीने तीच बोलते.