एनएसडीच्या प्रवेशपरीक्षेसाठी स्वगत निवडताना

दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या (स्थापना 1959) तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी तयारी करताय? मग आधी संपूर्ण नाटक वाचा. पाठांतर नंतर.

तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधलं बेणारेचं स्वगत घ्या. अनेक मुली ते पहिल्या वाक्यापासूनच रडत म्हणतात. पण नाटकात तिला बोलायला फक्त दहा सेकंद दिलेले असतात, भोवतीची माणसं थिजून जातात आणि तिचं सगळं आयुष्य बाहेर पडतं. आधीच्या प्रश्नोत्तरांत ती हसली आहे, टोमणे मारले आहेत, मग गप्प झाली आहे. हा प्रवास अंगात मुरला की रडू मुद्दाम आणावं लागत नाही.

‘नटसम्राट’ निवडणाऱ्या मुलांनाही हेच सांगेन. ती भूमिका गाजवणाऱ्या डॉ. श्रीराम लागूंचा आवाज डोक्यातून काढा, आपल्या वयाला पेलेल अशी भूमिका शोधा.

एखादं गाणं तयार ठेवा, लोकगीतही चालेल. हिंदी उच्चार रोज मोठ्याने वाचून घासा. परीक्षक मध्येच थांबवून तेच स्वगत वेगळ्या भावात करायला सांगू शकतात, म्हणून ते एकाच सुरात घोटून बसवू नका.