हुमायून रोडवरचे शेजारी

ढाक्याच्या शरणागतीचं तैलचित्र डिसेंबर 2024 मध्ये, ऐन विजय दिनी, लष्करप्रमुखांच्या कार्यालयातून माणेकशॉ सेंटरला हलवलं आणि त्यावरून आठवडाभर जुंपलेली वाचकांनी पाहिलीच आहे. चित्र कुठे असावं हा वाद चालू राहील. पण त्यात उजव्या टोकाला उभे असलेले मेजर जनरल जे. एफ. आर. जेकब आज कुठे आहेत, हे दिल्लीकरांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. शरणागतीचा मसुदा घेऊन पाकिस्तानी जनरल नियाझींना गाठणारे हे सेनानी पुढे लेफ्टनंट जनरल झाले, गोव्याचे आणि पंजाबचे राज्यपाल झाले. 13 जानेवारी 2016 ला दिल्लीत त्यांचं निधन झालं आणि दुसऱ्याच दिवशी हुमायून रोडवरच्या ज्यू दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली.

खान मार्केटच्या गजबजाटापासून ही जागा हाकेच्या अंतरावर आहे. दफनभूमीला लागूनच ज्युडा हायम सिनेगॉग आहे. 1956 साली बांधलेली ही बैठी, साधी वास्तू. या सिनेगॉगचा कारभार अनेक दशकं ज्यांनी विनावेतन पाहिला ते इझिकेल आयझॅक मळेकर मूळचे पुण्याचे, पेशाने वकील आणि बेने इस्रायली. म्हणजे घरी मराठी बोलणारे, केहिमकर, दिवेकर, राजपूरकर अशी कोकणातल्या गावांवरून आडनावं लावणारे ज्यू. जेकब मात्र कोलकात्याच्या बगदादी ज्यू घराण्यातले. दोघेही ज्यूच, मग एवढा तपशील कशाला? कारण या दोन समाजांचं मेल्यावरही पटत नव्हतं, असा काळ महाराष्ट्राने पाहिला आहे.

1836 मध्ये मुंबईतल्या काही प्रतिष्ठित बगदादी ज्यूंनी सरकारकडे अर्ज केला होता. मुंबईच्या ज्यू दफनभूमीत बेने इस्रायलींच्या आणि आपल्या कबरींमध्ये भिंत घालून द्या, अशी त्यांची मागणी होती. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश सुरू झाला, असं बेने इस्रायली सांगत. पिढ्यान्‌पिढ्या कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या आणि शनिवारी काम बंद ठेवणाऱ्या या ‘शनवार तेल्यां’चं ज्यूपण बगदादींना अस्सल वाटत नव्हतं. भिंतीची ही मागणी जिव्हारी लागते, कारण ज्यू धर्माने सर्वाधिक कटाक्षाने समता पाळली आहे ती मृत्यूच्या दारातच.

इसवी सनाच्या सुरुवातीच्या काळात अंत्यविधीचा थाट इतका वाढला होता, की खर्चाच्या धसक्याने नातलग प्रेत टाकून पळून जात. तालमूद या ज्यू धर्मग्रंथात ही हकिकत येते. तेव्हा रब्बान गमलिएल या मातबर धर्मगुरूने स्वतःला साध्या तागाच्या कापडात पुरायला सांगितलं आणि श्रीमंतांचाही नाइलाज झाला. तेव्हापासून कफन सगळ्यांना सारखंच: पांढरं, साधं आणि बिनखिशाचं.

त्याआधी देहाला स्नान घालतात. बायकांना बायका, पुरुषांना पुरुष. आधी डोकं, मग उजवी बाजू, मग डावी. देह पालथा घालत नाहीत, त्याच्यावरून हात लांबवून वस्तू देत-घेत नाहीत, एका वेळी जरूर तेवढाच भाग उघडा करतात. शेवटी पाण्याची अखंड धार धरायची असते. एक भांडं रिकामं व्हायच्या आत दुसऱ्याची धार सुरू झाली पाहिजे. अनेक ठिकाणी आपल्या हातून काही चुकलं असेल तर मृताचं नाव घेऊन त्याची क्षमा मागतात. हे काम पगारी माणसांकडे सोपवायचं नसतं. त्यासाठी गावोगाव ‘हेव्रा कदिशा’ नावाची मंडळं असतात. प्राग शहरातलं मंडळ 1564 मधलं. जिवंत माणसाला मदत केली तर तो कधीतरी उतराई होऊ शकतो, मेलेला होऊ शकत नाही. म्हणूनच ज्यू परंपरेत ही सेवा सगळ्या दानांत निखळ मानली जाते.

घरच्यांसाठीही समाजच उभा राहतो. दफनानंतरचं पहिलं जेवण शेजाऱ्यांनी आणायचं असतं. आपल्याकडे सुतकाच्या घरी चूल पेटत नाही आणि पिठलं-भात बाहेरून येतो, तसंच. सात दिवस घरच्यांनी घरीच बसायचं आणि लोकांनी भेटायला यायचं. मृतासाठी म्हणायची कद्दिश ही प्रार्थना मात्र एकट्याने म्हणता येत नाही, तिला दहा जण लागतात.

दिल्लीची खरी अडचण इथे आहे. 2011च्या जनगणनेत अख्ख्या देशात पाच हजारही ज्यू नव्हते. राजधानीतली स्थायिक कुटुंबं तर जेमतेम दहाएक. परंपरेने हे दहा जण पुरुषच असावे लागतात. मळेकरांनी बायकांनाही गणतीत धरलं, स्त्री-पुरुषांना एकत्र बसवलं. कडव्या मंडळींना हे मान्य होणार नाही. पण नियम जपण्यापायी शोकाकुल माणसाला कद्दिशविना परत पाठवायचं, हे कुठलं धर्मपालन? पुण्याच्या या वकिलाने घेतलेला निर्णय धर्माला धरूनच होता. जेकब अविवाहित होते. त्यांच्यासारख्या माणसामागे समाजाशिवाय कोण असतं?

दानाच्या बाबतीत बगदादींचं ऋण मात्र महाराष्ट्र नाकारू शकत नाही. ससून घराणं व्यापारातला ठरावीक हिस्सा धर्मादायासाठी बाजूला काढी. पुण्याचं ससून रुग्णालय त्यातूनच उभं राहिलं आणि तिथे जात-धर्म पाहिला गेला नाही. हा पैसा बऱ्याच अंशी चीनला पाठवलेल्या अफूचा होता, हेही त्याच दमात सांगायला हवं. डेव्हिड ससून 1864 मध्ये वारले. पुण्याच्या ‘लाल देऊळ’ या सिनेगॉगच्या आवारातली त्यांची समाधी चांगलीच देखणी आहे. गमलिएलचा साधेपणा तिथे शोधू नये.

बेने इस्रायलींकडे एवढी संपत्ती नव्हती. त्यांनी 1913 मध्ये मुंबईत स्त्री मंडळ काढलं, 1934 मध्ये निराधार आणि अनाथांसाठी आश्रम काढला. कामा रुग्णालयातल्या डॉ. जेरुशा झिराड याच समाजाच्या. 1966 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

1836 मध्ये मागितलेली ती भिंत दिल्लीत कुणी मागितली नाही. एवढ्याशा समाजाला ती परवडलीही नसती. बगदादी सेनानी विसावला तो बेने इस्रायली माणसाने राखलेल्या दफनभूमीत.

महाराष्ट्राने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला तो जेकब गेले त्याच वर्षी, जून 2016 मध्ये. केंद्राच्या यादीत मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आणि जैन आहेत, ज्यू नाहीत. मळेकरांनी हा दर्जा वारंवार मागितला. संख्या कमी म्हणून नोंद नाही, हा युक्तिवाद अल्पसंख्याकांच्या बाबतीत तरी कुणी करू नये. तैलचित्राच्या जागेवरून आठवडाभर भांडायला वेळ असेल, तर केंद्र सरकारला ही एक ओळ यादीत घालायला एका बैठकीपेक्षा जास्त वेळ लागणार नाही.